दोरीचं दुसरं टोक

त्या शुक्रवारीही बाबांनी मला बेसबॉलच्या मैदानावर ओढून नेलंच. मैदान बाबाच सांभाळायचे. तेलकंपनीतल्या अमेरिकनांची कॉलेजातली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत बहारीनला यायची, त्यांची टीम तिथं खेळायची. ती बंद पडली तरी बाबांचं रेषा आखणं चालूच होतं. मी दोरीचं टोक धरायचं, त्यांनी दोरीलगत पांढरी फक्की सोडायची. “बाबा, टीम खलास. कुणासाठी हे?” “अगो, अचानक आली मुलं तर? आठ्या नंतर घाल, आधी दोरी ताण!” सोमवारी बाबा झोपेतच गेले. पुढच्या शुक्रवारी घरात बसवेना. येरझाऱ्या घालून थकले, मग फक्कीची पिशवी घेऊन एकटीच मैदानावर पोचले. दोरीचं टोक खुंटीला बांधलं. वाऱ्यानं दोरी हलली, रेषा वाकडी आली. पुसून पुन्हा आखली, पुन्हा वाकडीच. रिकाम्या मैदानात मी मोठ्यानं म्हणाले, “बाबा, मला तुमच्याबरोबर यायला आवडायचं.”