ढेपेचा रंग

"कॉम्प्युटरवर रंग तूच भरलास!" आकारामनं फोटो टेबलावर आपटला. "माझा गूळ असला पिवळाधमक न्हाय."

फोटोग्राफर विजयसिंहनं तो उचलून पाहिला. हाच फोटो त्यानं ईमेलनं पुण्याच्या व्यापाऱ्याला पाठवला होता. व्यापाऱ्याला गूळ हवा होता बिनपावडरीचा, तांबूस; पिवळा रंग पावडरीनं येतो. फोटो बघून त्यानं आकारामला फोनवर सरळ खोटारडा ठरवलं. हंगामाचा सगळा माल अडकला, आणि दिलेला शब्दही गेला. आकारामला ते फार लागलं होतं.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळं यंदा तो घरीच होता. गुऱ्हाळ धाकट्या भावानं, गुंडूनं सांभाळलं. आज कापडात बांधलेली ढेप घेऊन तोही स्टुडिओत आला होता.

विजयसिंहनं दोन डिजिटल कॅमेरे काढले. दोन्ही जुने, स्वस्तातले. "कंपनीतनं आल्यात तसंच हाईत. कुठलं बटण फिरवत न्हाय. बघा तुम्हीच."

आकारामनं नीळ दिलेली टोपी सारखी केली आणि ढेप मांडीवर घेऊन मोठ्या बल्बांच्या उजेडात बसला. त्या पिवळट उजेडात तिचा खरा रंग कळत नव्हता. संशयानं विजयसिंहच्या बोटांवर नजर ठेवून.

कॉम्प्युटरला हातही न लावता दोन्ही फोटो छापून निघाले. एकात ढेप पिवळी, दुसऱ्यात तांबूस.

"सापडला चोर!" आकाराम खूश झाला. "तुझा कॅमेराच लबाड. ह्यो तांबडा फोटो धाड पुण्याला."

"धाडा की लगेच," गुंडू घाईनं ढेप गुंडाळत म्हणाला. "चल दादा, यस्टी चुकंल."

यस्टी तर तासातासाला होती. आकारामच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं फोटो पुन्हा हातात घेतले. आतापर्यंत त्यानं फक्त ढेप बघितली होती, आता नजर वर गेली. तांबूस फोटोत त्याची टोपीही तांबूस होती, चहात बुडवून काढल्यासारखी. पिवळ्या ढेपेच्या फोटोत मात्र टोपी पांढरीशुभ्र.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून दारातल्या उजेडात निरखली. पांढरीशुभ्रच होती. म्हणजे पिवळा फोटोच खरा होता.

"गुंडू," तो हळूच म्हणाला, "ढेप जरा भाईर उनात आण."

गुंडू जागचा हलला नाही.

"थोडीच पावडर घातली, दादा. तांबडी ढेप बघून बाजारात लोक तुला हसत्यात. मला न्हाय बघवलं."