रेघेपर्यंत

पाहुण्याने बाटली उजेडात धरली तेव्हा लेबलच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. आतली पांढरी रम बरोबर त्या रेघेला टेकलेली होती.

"रेघ माझी," मुलीचे वडील म्हणाले. "डॉक्टरांनी सोडायला सांगितली त्या दिवशी मारली. तेव्हापासून थेंबभर कमी झालेली नाही."

वडिलांचं औषधांचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना रेघेपर्यंत औषध भरून दिलं होतं, त्यामुळे माणसांपेक्षा रेघेवर त्यांचा जास्त विश्वास. काचेच्या कपाटातली ही बाटली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, जशी दुसरी माणसं मुलांची बक्षिसं दाखवतात. मुलीची बक्षिसं त्याच कपाटात होती, बाटलीच्या मागे.

आज बाटली बाहेर निघाली ती परीक्षेसाठी. मुलीला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो हॉटेलच्या बारमध्ये कॉकटेलं बनवायचा, आणि बूच उघडण्याला काम म्हणत नाहीत असं वडिलांचं मत होतं. उद्या नळ सोडणाराही जावई म्हणून येईल, असं ते आठवडाभर जेवताना ऐकवत होते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. त्याने घरी यावं, सगळ्यांदेखत लिंबू-पुदिन्याचं कॉकटेल करून दाखवावं. कसब दिसलं तर पुढचं बोलू, नाही तर विषय संपला.

म्हणून तो आता बाह्या दुमडून स्वयंपाकघरात उभा होता. आई, आत्या आणि मुलगी टेबलाभोवती बसल्या होत्या. वडील खुर्ची ओढून थेट समोर, प्रॅक्टिकलच्या परीक्षकासारखे.

सुरुवात चांगली झाली. त्याने फडक्यात गुंडाळून बर्फ ठेचला. पुदिन्यासाठी आई मिक्सर काढायला उठली, तर त्याने तिला बसवलं. वाटला की कडू होतो, त्याला नुसतं जागं करायचं असतं, असं म्हणून त्याने पानं तळहातावर घेतली आणि एकच टाळी वाजवली. वास टेबलापर्यंत आला. आत्याने मान डोलावली. वडिलांनीही खुर्ची थोडी पुढे घेतली.

मग त्याने बाटली उघडली, एक थेंब मनगटाच्या मागे टाकला आणि चाखला.

तो थांबला. दुसरा थेंब घेतला. मग त्याने टेबलाकडे पाहिलं.

मुलीचे कान तापले. निकाल लागला त्या दिवशी तिने या बाटलीतून अर्धा पेला मैत्रिणींसाठी काढला होता आणि फिल्टरचं पाणी घालून पातळी रेघेला आणली होती. नंतर आणखी दोनदा. पण तेवढ्याने रमचं पाणी होत नाही. प्रयोगशाळेत ती रोज हेच करायची. कितीदा काढून कितीदा भरलं की किती उरतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने मनात हिशेब मांडला. जुळेना. तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. आई टेबल पुसत होती, आणि टेबल कोरडं होतं. आत्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. त्या गुडघ्याला चोळायचं औषध दुकानातून येत नव्हतं, आणि ती ते कुठून आणते, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

हिशेब जुळला.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

त्याने खरं बोलावं तर वडिलांच्या डोळ्यांदेखत घरातल्या तिघी चोर ठरत होत्या. गप्प बसावं तर त्याच्या हातून सरबत होणार होतं, आणि सरबताला मुलगी मिळणार नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला. "चांगलीच मुरली आहे. जपून घालावी लागेल. आलं आहे का?"

वाक्य संपायच्या आत आईने आलं त्याच्या हातात ठेवलं.

त्याने आल्याचा रस हात सैल सोडून घातला, वर चिमूट मिरपूड. माप म्हणून वडिलांनी खोकल्याच्या औषधाचं झाकण दिलं. त्याने ते डोळ्यांसमोर धरून भरलं, जणू थेंब जास्त पडला तर घर पेट घेईल. शेवटी सोडा आणि प्रत्येक पेल्यात पुदिन्याचा एक तुरा.

आत्याने दुसऱ्या घोटाला डोळे मिटले आणि गरगरतंय म्हणाली. आईने पेला अर्ध्यावरच सरकवला. आपल्याला एवढी सोसत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मुलगी खोकली. तो खोकला खरा होता, आल्याचा.

मग सगळे वडिलांकडे बघू लागले. आजच्या दिवस, परीक्षक म्हणून, त्यांनी स्वतःच स्वतःला परवानगी दिली होती. बुचाचा वास घेऊन आतलं औषध ओळखणारा माणूस. त्यांनी पेला हुंगला. घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ ते पेल्यातल्या पुदिन्याकडे बघत राहिले.

"कडक आहे," ते म्हणाले.

पुन्हा टेबल पुसायला लागलेली आई सावकाश त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला लागली कडक?"

"न लागायला काय झालं? माझीच तर बाटली." हे त्यांनी कुणाकडेही न बघता सांगितलं.

आईने टेबल पुसायचं थांबवलं.

वडिलांनी खिशातून पेन्सिल काढली. बाटलीतली पातळी खाली गेली होती, या घरात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर. दुपारपासून ते पाहुण्याला अहो-जाहो करत होते. आता पेन्सिल त्याच्यापुढे धरून म्हणाले, "नवी रेघ तू मार. यापुढे हे काम तुझं."

तो वाकला, डोळा पातळीच्या रेषेत आणला आणि रेघ मारली. पातळीच्या बोटभर खाली.

वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून बाटली नाकाशी धरली. दुकानात त्यांना केसभर फरक चालत नसे.

"बरोबर आहे," ते म्हणाले.