उजवा गुडघा

"पट्टी नको," मानसिंग म्हणाला. "बांधली की समोरच्याला कळंल."

बिराप्पानं पट्टी बाजूला ठेवली आणि मानसिंगचा डावा गुडघा तेलानं चोळायला घेतला. सूज डोळ्यांना दिसत नव्हती, पण हाताला लागत होती. हे दुखणं दोघांनाच ठाऊक होतं, वस्तादांनाही नव्हतं. बाहेर सांगलीच्या मैदानात हलगी कडाडत होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर एवढी गर्दी पहिल्यांदाच लोटली होती. मानसिंगच्या कराडकडचे लोक तर ट्रक भरभरून आले होते. चौदा वर्षांत मानसिंगच्या पाठीला मैदानात माती लागली नव्हती, आणि आजची कुस्ती झाली की तो लंगोट कायमचा खुंटीला लावणार होता.

"बिरू, तू हायस म्हणून मी हाय बघ," मानसिंग म्हणाला.

हे तो प्रत्येक सत्कारात बोलायचा. टाळ्या त्यालाच पडायच्या.

आटपाडीच्या माळावरची मेंढरं भावावर सोडून बिराप्पा तालमीत आला, त्याच साली मानसिंगही आला. रोज पहाटे दोघं एकमेकांशी लढायचे. तालमीच्या बंद दाराआड बिराप्पानं मानसिंगला कितीदा तरी चीत केलं होतं. तिथं हलगी नव्हती, बघायला गर्दी नव्हती. एकदा त्यानं वस्तादांना विचारलंही होतं, "आवं वस्ताद, मैदानात माझी जोड मानसिंगाशी लावा की." वस्ताद हसले होते. "येड्या, घरातल्या घरात कुस्ती लावत्यात व्हय?" तेव्हापासून मानसिंग जिंकला की बिराप्पाला ते सलायचं, आणि तरी सगळ्यांत आधी मिठी मारायला तोच पुढं धावायचा.

तो पाणी आणायला बाहेर आला, तेव्हा फलटणचे दादासो वस्ताद पाण्याच्या हौदापाशी उभेच होते. त्यांचा पठ्ठ्या हंबीरराव आज मानसिंगसमोर उतरणार होता.

"तुझा मानसिंग पाय जपून टाकतोय," दादासो हळूच म्हणाले. "कंचा दुखतोय त्ये कळंना. तूच चोळतूस, तुला ठावं आसंल."

बिराप्पा पाणी भरू लागला.

"चौदा वरसं दुसऱ्याचं अंग चोळलंस, गड्या. तुला तरी कुटं गोड लागतंय ह्ये समदं?"

'डावा' हा शब्द बिराप्पाच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात त्याची नजर पलीकडं गेली. हंबीरराव मांडीवर थाप मारून हसत होता. बावीस वर्षांचा, कोवळ्या मिशांचा. उद्यापासून हा गावोगाव मिरवणार. मानसिंगला पाडणारा म्हणून लोक याचं नाव घेणार. जी पाठ आपल्याला मैदानात मिळाली नाही, ती या काल आलेल्या गड्यानं मातीला लावायची?

"उजवा," बिराप्पा म्हणाला. "उजवा गुडघा."

सलामी झाली आणि हंबीरराव थेट उजव्या पायावर तुटून पडला. पाय हलला नाही. तो पुन्हा घुसला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रेटारेटीत मानसिंगचा डावा गुडघा दुमडला आणि तो एका हातावर आला. मैदान गपकन शांत झालं. बिराप्पाच्या मुठी आवळल्या. आता हंबीररावाला कळलं, असं त्याला वाटलं. पण समोर आलेला डावा पाय सोडून हंबीररावानं पुन्हा उजव्यालाच मिठी मारली. मानसिंगनं सारं वजन त्याच्यावर टाकलं, मानेत हात घातला आणि एका झटक्यात त्याला आभाळ दाखवलं.

फेटे उडाले. लोक कठडा मोडून आत घुसले.

दादासो बिराप्पाजवळ येऊन थांबले. "मालकाला वाचवलंस व्हय रं?"

"त्यो माझा मालक न्हाई," बिराप्पा म्हणाला. "आन् मी कुणाला वाचवलं न्हाई."

दादासो त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग आपल्या पठ्ठ्याकडं गेले.

मैदानाच्या मधोमध मानसिंगनं ओंजळभर माती कपाळाला लावली आणि लोकांना हात जोडले. "पुन्यांदा उतरायचा न्हाई आता," तो म्हणाला. म्हातारेकोतारे डोळे पुसू लागले. बिराप्पा जागचा हलला नाही. आता मानसिंगला कुणीच पाडणार नव्हतं, बिराप्पाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि ते त्यानं स्वतःच्या तोंडानं करून ठेवलं होतं.

"बिरू!" गर्दीतून मानसिंगची हाक आली. चार जणांनी त्याला उचलायला हात घातले होते. तो त्यांना मागं सारत होता. "तुमी न्हाई. बिरू कुटं हाय? त्याच्याच खांद्यावर बसणार."

लोकांनी वाट केली. बिराप्पा आला, वाकला आणि मानसिंगला खांद्यावर घेऊन एका दमात उठला. हजारो माणसं ओरडली. पायाखाली उकरलेली माती होती. पहिल्याच पावलाला त्याचा तोल गेला.

"जपून, गड्या," वरून मानसिंग हसला. "पाडशील मला."

बिराप्पानं त्याच्या मांड्या घट्ट धरल्या. 

"न्हाई पाडत," तो म्हणाला आणि चालू लागला.