हाताने बदलू नये

“काल संध्याकाळी बराबर चालत होतं. आज सकाळी तू बिल्ड केलंस आणि माझी दुरुस्ती गेली,” अनिरुद्ध म्हणाला. “वरचं नाव पण गेलं.”

औंढ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये पाण्यातला ऑक्सिजन मोजणारी यंत्रं तयार होत. यंत्राच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दोष होता. सेन्सरचा आकडा अर्धाच पुढे जाई. काल अनिरुद्धने कोडच्या एका फाईलमध्ये तो दुरुस्त केला होता; बिल्ड म्हणजे अशा फाईलींपासून चालणारी प्रणाली बांधणं. दुपारी यंत्र सिद्धेश्वर धरणात जळबा या मत्स्यपालकाच्या पिंजऱ्यांवर बसवायचं होतं. आकडा चुकला तर मासे मरणार होते.

करुणा खिल्लारे सेनगावहून येई. नोकरीचा दुसरा महिना.

“मी त्या फाईलला हात लावला नाही, सर.”

“मग ‘श्री नागनाथ प्रसन्न’ कोणी पुसलं? मी प्रत्येक फाईलच्या डोक्यावर लिहितो. तुमच्यात देवाचं नाव...” तो थांबला. “जाऊ दे. उद्यापासून येऊ नकोस.”

करुणा खुर्चीतून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“दोन्ही परत लिहा, सर. नाव पण. मग सगळं पहिल्यापासून बिल्ड तुमीच करा. मी इथं उभी आहे.”

“त्यानं काय होणार?”

“करा तर.”

त्याने फाईल उघडली. पहिली इंग्रजी ओळ सवयीने खोडली, तिथे नागनाथाचं नाव टाकलं, खाली दुरुस्ती केली. बिल्ड सुरू केलं. सात मिनिटांनी ते संपलं.

फाईल पुन्हा उघडली. दुरुस्ती नव्हती. नाव नव्हतं. खोडलेली ओळ मात्र जागेवर होती. या वेळी त्याने ती वाचली : ही फाईल संगणकाने आपोआप तयार केली आहे, हाताने बदलू नये.

“हे स्टब आहेत, जोडणीचे छोटे तुकडे,” करुणा म्हणाली. “एका यादीवरून संगणकच ते लिहितो. पूर्ण बिल्ड केलं की जुने जातात, नवे येतात. काल तुमी बदललं तेवढंच बिल्ड केलं, म्हणून टिकलं. दुरुस्ती यादीत पाहिजे.”

“आधी काहून नाही बोललीस?”

“तुमी विचारलं, कोणी पुसलं. कशानं पुसलं, ते नाही.”

अनिरुद्धने आपली खुर्ची तिला दिली. तिने यादी उघडली, त्यातला एक शब्द बदलला, बिल्ड लावलं.

“करुणा,” तो मागून म्हणाला, “माझ्या मनात तसं काही नव्हतं.”

“कसं, सर?” तिने विचारलं.