प्रत्येकी तीन हजार

टेबलावर गावातल्या अठरा बायकांचे अर्ज होते आणि संस्थेकडे बिनव्याजी कर्जासाठी चौपन्न हजार रुपये होते. प्रत्येकीला दोन गाभण शेळ्या घ्यायच्या होत्या, म्हणजे यंदा पोरांना घेऊन वीटभट्टीवर जावं लागलं नसतं. शेळ्यांची जोडी अठरा हजारांना पडत होती. पैसे तिघींनाच पुरले असते.

गरज मोजायला मी गुणांचं सूत्र तयार केलं. अकरा जणी बरोबरीने पहिल्या आल्या. पंधरा जणींना नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून मी सरळ भागाकार केला आणि प्रत्येकीला तीन हजार दिले.

“ताई, तीन हजारांत शेळीचे पुढचे पाय येतील की मागचे?” केराबाईंनी विचारलं. सगळ्या हसल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. माझं नाव निघालं नसतं, तरी तिघी तर गावात राहिल्या असत्या.”

पैसे ज्वारीत आणि औषधांत गेले. दसऱ्यानंतर भट्टीचा मुकादम आगाऊ मजुरी वाटायला आला. अठराही जणींनी त्यातून आमचं कर्ज फेडलं आणि त्या पोरांसह ट्रकमध्ये चढल्या.

वार्षिक अहवालात मी लिहिलं: वसुली शंभर टक्के.