नेलपॉलिशची खूण

माझ्या जीपनीचं, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या लांब जीपचं, इंजिन डिझेलपेक्षा ऑइलच जास्त प्यायला लागलं, तेव्हा एक मेकॅनिक म्हणाला मोडीत काढ, दुसरा म्हणाला दुसऱ्या गाडीचं इंजिन बसव. इलोइलो शहरातल्या बाजारामागचे म्हातारे मेकॅनिक सिप्रियानो, ज्यांना आम्ही मानोंग म्हणजे दादा म्हणतो, ते तेवढे म्हणाले, "खोलून नवं बांधून देतो. मग दहा वर्षं बघायला नको."

आमचं घर त्या गाडीवर चालतं. आणि इंजिन खोललं की चांगले पार्ट दुसऱ्याच्या गाडीत जातात, असं आमच्या लाइनीवरचा प्रत्येक ड्रायव्हर शपथेवर सांगतो. म्हणून गाडी सोडायच्या आधी मी बायकोची लाल नेलपॉलिश घेतली आणि स्टार्टर, डायनॅमो, डिझेल पंप, सगळ्यांना खालच्या बाजूला एकेक ठिपका लावला.

"मला कधी एवढं नटवलं नाहीस," मर्लिंडा म्हणाली.

तीन आठवड्यांनी गाडी घ्यायला गेलो. मानोंग हात धुवायला वळले, तसा मी वाकून टॉर्च मारला. सगळे ठिपके जागच्या जागी होते. माझी मलाच लाज वाटली.

"मानोंग, उद्या घरी जेवायला या," मी म्हटलं. "मर्लिंडा बातचोयचं गरमागरम नूडल सूप करेल."

"येतो की," ते हात पुसत म्हणाले.



"आणि हे बघ, पार्ट थिनरने धुताना तुझे ते लाल ठिपके पार निघून गेले होते. तुला उगाच संशय नको, म्हणून सुनेच्या बाटलीतून मी परत लावलेत."