पोथीवरचा रुमाल

घंटा वाजत होत्या. मठाच्या अंगणात ठेवलेल्या पोथीवर बायका एकेक करून डोकं टेकवत होत्या.

शुभवर्तमानाचा अर्थ उलगडणारी ही पोथी मठातल्या तिरातुरनं तरुणपणापासून खपून लिहिली होती. सुगीत लुटारूंनी ती नेली. आम्हा आर्मेनियन लोकांत पोथी चोरीला जात नाही; ती माणसासारखी कैदेत जाते, आणि माणसासारखंच तिला सोडवून आणतात. त्यासाठी बायकांनी कानातलं, कमरेचं उतरवून दिलं होतं. ते घेऊन तिरातुर लुटारूंच्या छावणीत गेला होता आणि आज पोथी सोडवून परतला होता.

"बाबा, जाताना गाढवाला ओढत होता," म्हातारी तमाम म्हणाली. "आता तेच तुम्हाला ओढत आलं."

तिरातुर हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

वनेनी सगळ्यात शेवटी आली. पोरीच्या वेळी अडली तेव्हा हीच पोथी तिच्या उशाशी ठेवली होती. ती पोर, शोघिक, लुटीच्या दिवशी गेली. नदीकाठी तिचा एकच जोडा सापडला. तिच्या आत्म्याच्या शांतीची प्रार्थना तिरातुरनंच म्हटली होती. तरी वनेनीनं कमरपट्ट्याची चांदी पोथीसाठी दिली होती.

तिनं डोकं टेकवलं नाही. पोथीभोवतीच्या रुमालावरून हात फिरवत राहिली.

"बाबा, हा कुठला?"

"छावणीतला. पाऊस लागला. पाणी भरणारी एक पोरगी होती तिथं. तिनं आपल्या डोक्याचा काढून पोथीवर टाकला. गुणाची पोर."

वनेनीनं रुमालाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक डाळिंब भरलेलं होतं. अर्धं लाल, अर्धं निळं.

"लाल धागा संपला होता माझा," ती म्हणाली.

तमामनं पुढं होऊन रुमाल निरखला. "शोघिकचाच," ती म्हणाली.

"काही बोलली?" वनेनीनं विचारलं.

"नाही. पहारेकरी शेजारीच होता." तिरातुर म्हणाला. "नुसती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, पोथीकडं बघतेय."

"मग तुम्ही तिच्याकडं बघितलं नाही?"

"मी पानं मोजत होतो."

वर घंटा वाजतच होत्या. तिरातुरनं रुमाल सोडला आणि वनेनीच्या ओंजळीत दिला. अंगावरचा झगा काढून पोथी त्यात गुंडाळली, गाढवावर बांधली आणि गाढवाचं तोंड वेशीकडं, छावणीच्या वाटेला वळवलं.

"घंटा थांबवा," तो म्हणाला. "कैदी अजून आलेला नाही."